एका समासाचा विग्रह

'अपंगवर्ष' हा शब्द आम्ही प्रथम वाचला तो शाळेच्या पटांगणात, मांडवाच्या दर्शनी भागी टांगलेल्या कापडी फलकावर. साल १९८१. संयुक्त राष्ट्रसंघाने ते वर्ष आंतरराष्ट्रीय अपंगवर्ष म्हणून जाहीर केले होते. आपल्या टपाल खात्याने त्या निमित्ताने एक तिकीटही काढले होते. आणि त्या जागतिक प्रवाहाचा एक लहानसा ओघळ फोंडे महालातील आमच्या गावापर्यंत येऊन पोचला होता. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. दोन वर्षांचे असताना पोलिओच्या तापाने आमचे पाय लुळे केले. चामडी बूट जडविलेले लोखंडी कॅलिपर पायांत आणि कुबड्या काखेत, अशा सरंजामानिशी आमची स्वारी शाळेत जात असे.

समारंभ थाटाचा झाला. व्यासपीठाला पाच पायऱ्या होत्या. म्हणून ज्यांच्या नावाने तो मांडव घातला होता त्यांना स्वयंसेवकांनी उचलून वर ठेवले. 'ठेवले' हाच शब्द योग्य. गळ्यात हार पडला, मांडीवर एक नवी चादर आली, छायाचित्र निघाले. चार वक्ते आमच्याविषयी बोलले; आमच्याशी कोणी बोलले नाही. समारंभ आटोपल्यावर पाहुणे चहाला गेले आणि आम्हांस खाली उतरविण्याचे राहूनच गेले. मांडवाची कापडे सोडणारी माणसे भोवती वावरत होती आणि वडील येईपर्यंत आम्ही ती चादर सांभाळीत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मराठीच्या तासाला गुरुजींनी फळ्यावर 'अपंगवर्ष' असे लिहिले आणि समासाचा विग्रह करावयास सांगितला. एक मुलगा म्हणाला, "अपंगांसाठी वर्ष." दुसरा म्हणाला, "अपंगांचे वर्ष." गुरुजी म्हणाले, "व्याकरणाने दोन्ही चालतील. 'क्रीडांगण' म्हणजे क्रीडेसाठी अंगण, तसा पहिला चतुर्थी तत्पुरुष. 'राजवाडा' म्हणजे राजाचा वाडा, तसा दुसरा षष्ठी तत्पुरुष. चतुर्थीचा अर्थ संप्रदान. तेथे देणारा निराळा आणि घेणारा निराळा. षष्ठीत वस्तू ज्याची त्याचीच असते." मग आमच्याकडे पाहून हळूच म्हणाले, "यांतला खरा विग्रह कोणता, ते तू ठरव."

आम्ही ते ठरविले नाही. ठरवावयाचे असते हेच आम्हांस ठाऊक नव्हते.

पुष्कळ वर्षांनी वाचनात आले की, गुरुजींनी घातलेला तो प्रश्न जगापुढेही आला होता. १९७६ साली राष्ट्रसंघाच्या महासभेने हे वर्ष घोषित केले तेव्हा त्याच्या मूळ इंग्रजी नावाचा अर्थ 'अपंगांसाठी वर्ष' असाच होता. १९७९ साली त्यातील एक इवलासा शब्द बदलला आणि ते 'अपंगांचे वर्ष' झाले. चतुर्थी गेली, षष्ठी आली. पण कागदावरची विभक्ती बदलली म्हणून व्यवहार बदलतोच असे नाही. जून १९८० मध्ये कॅनडातील विनिपेग येथे 'रिहॅबिलिटेशन इंटरनॅशनल' या पुनर्वसनकार्य करणाऱ्या जागतिक संस्थेचे अधिवेशन भरले. तेथे वैद्य, तज्ज्ञ आणि अधिकारी यांचाच भरणा असे. जमलेल्या अपंग मंडळींनी मागणी केली की, निर्णय करणाऱ्या सभेत निम्म्या जागा आमच्या असाव्यात. मागणी फेटाळली गेली. ही मंडळी रुसून घरी परतली नाहीत. तेथेच निराळी बसली आणि आपली स्वतःची संघटना काढण्याचे त्यांनी ठरविले. १९८१ च्या अखेरीस सिंगापुरात 'डिसेबल्ड पीपल्स इंटरनॅशनल' या संघटनेचे पहिले अधिवेशन झाले आणि त्याच नगरीचे रॉन चंद्रन-डडली हे अंध गृहस्थ तिचे पहिले अध्यक्ष झाले. ज्या वर्षी आम्ही मांडवात चादर सांभाळीत बसलो होतो, त्याच वर्षी आमच्यासारखीच माणसे समुद्रापलीकडे आपले म्हणणे आपल्याच तोंडाने मांडीत होती. ही वार्ता आमच्या कानी येण्यास वीस वर्षे लागली.

आपल्या देशातही असे काही घडत होते. १९९५ च्या डिसेंबरात दिल्लीत चाकांच्या खुर्च्या आणि कुबड्या घेऊन माणसे रस्त्यावर आली, आणि त्याच महिन्यात अपंगांसंबंधीचा पहिला व्यापक कायदा संसदेत संमत झाला. त्या चळवळीतील अग्रणी जावेद आबिदी स्वतः चाकांच्या खुर्चीतूनच वावरत. २००१ च्या जनगणनेत अपंगांची गणती व्हावी यासाठीही आबिदींना व त्यांच्या सहकाऱ्यांना भांडावे लागले. गणती झाली आणि आकडा निघाला सुमारे २ कोटी १९ लाखांचा. एवढी माणसे त्या देशात होती; ती मोजण्यासाठी मात्र त्यांनाच ओरडावे लागले.

हे सारे वाचून आम्हांस अभिमान वाटे. तथापि खरे सांगावयाचे तर आमच्या स्वतःच्या घरी चतुर्थीच चालू होती. आमच्या कुलदेवतेच्या देवळाचे जोते तीन फूट उंच. चामड्याचे पायताण घालून आत जावयाचे नाही, हा नियम; आणि आमचे तर बूट म्हणजेच पाय. म्हणून वडील दारात आमचे कॅलिपर उतरवीत आणि आम्हांस खांद्यावर घेऊन आत नेत. ते असेपर्यंत आम्ही देव नेहमी गर्दीच्या डोक्यांवरून पाहिला. ते थकले आणि पुढे गेलेही. त्यानंतर अनेक जत्रा आम्ही दीपस्तंभापाशी उभे राहून केल्या. महाजनांच्या वहीत आमचे नाव होते, परंतु महाजनांची सभा भरे अग्रशाळेच्या माडीवर. तिचा जिना आम्ही कधी चढलो नाही. याबद्दल आम्ही कोणाकडे अवाक्षर काढले नाही. लोक त्याला आमचा सोशिकपणा म्हणत. वस्तुतः ती लाज होती. मागितले आणि कोणी नाही म्हटले तर काय करावे, या भयाने आम्ही मागणेच टाकले होते.

जानेवारी २०२३ मध्ये पणजीस 'पर्पल फेस्ट' नावाचा अपंगांचा पहिला महोत्सव झाला. तेथे हजारोंच्या मेळ्यात आसपासच्या गावची चार माणसे आम्हांस भेटली: एक अंध पेटीवादक, गणपतीच्या चित्रशाळेत मूर्ती घडविणारा एक कर्णबधिर कारागीर, चाकांच्या खुर्चीतून हिंडणारी एक शिक्षिका आणि एका हाताने शिवणकाम करणारी एक बाई. पाचही जणांचे देऊळ एकच. आजवर आम्ही लेखकाच्या रीतीने स्वतःला 'आम्ही' म्हणत आलो. त्या दिवसापासून ते सर्वनाम खरे झाले.

देवस्थान समितीला पाच सह्यांचा अर्ज करावयाचे ठरले. पण सहीच्या वेळी आमचाच हात अडखळला. देवाच्या दारी हक्क मागावा काय? तेथे तर राजाही याचक. नव्वदीकडे झुकलेली आमची आई शेजारी बसून वाती वळीत होती. मान वर न करता ती म्हणाली, "पांवडे देवान बांदूंक नात, मनशांनी बांदल्यात." आमचा प्रश्न तेथेच सुटला. देवापुढे आम्ही याचकच आहोत आणि राहू. पण ज्या पायऱ्या माणसांनी बांधल्या, त्यांबद्दल माणसांशी बोलण्यात कसली आली आहे अभक्ती?

समितीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांस प्रेमाने कूर्मदासाची कथा ऐकविली. हातपाय नसलेला तो भक्त पैठणाहून सरपटत पंढरीस निघाला, लऊळपर्यंत पोचला, आणि पुढे जाववेना तेव्हा विठ्ठलच त्याच्या भेटीस आला. "तुम्हांलाही देव बसल्या जागी भेटेल," असे ते म्हणाले. कथा आमच्याही आवडीची. शिक्षिका नम्रपणे म्हणाल्या, "काका, देव आला तो सरपटत निघालेल्याकडे. आम्हीही निघालोच आहोत. आणि विठ्ठलाने वाट अर्धी केली, तर ती अर्धी तरी आपण करू या की." मग त्यांनी पिशवीतून २०१६ चा कायदा काढून दाखविला. त्यातील 'सार्वजनिक इमारती'च्या व्याख्येत लोक धर्मकार्यासाठी वापरतात त्या इमारतीही आहेत. समिती विचार करू म्हणाली, आणि चार महिने विचारच करीत राहिली.

पावसाळ्यानंतर एके दिवशी चिऱ्यांचा उतार बांधून तयार झालेला दिसला. कोणाला न विचारता बांधलेला. म्हणजे पुन्हा चतुर्थीच! तीन फूट चढायला अवघी दहा फूट लांबी. शिक्षिकांनी वाद घातला नाही. स्वतः कट्ट्यावर बसल्या आणि आपल्या खुर्चीत त्यांनी खजिनदारांना बसवून उतारावरून वर जाण्याची विनंती केली. खजिनदार अर्ध्यावर गेले आणि तेथून मागे घरंगळू लागले. त्यांना चौघांनी धरले. दुसऱ्याच दिवशी समितीने आम्हांस बोलावून हिशेब विचारला. हिशेब सोपा आहे: एक फूट चढण्यास बारा फूट वाट, म्हणजे तीन फुटांस छत्तीस, आणि मध्ये दम घेण्यास एक सपाट टप्पा. चित्रशाळेतील कारागिराने त्याचा सुबक आराखडा काढून दिला. त्याला स्वतःला उताराची गरज नव्हती. त्याचे मागणे एवढेच की, ध्वनिक्षेपकावर जे सांगता ते फळ्यावरही लिहा. पेटीवादकाला उतार नको होता, पायऱ्यांना कठडा हवा होता. गरजा पाच तऱ्हेच्या, आणि प्रत्येकाची ज्याने त्यानेच सांगितल्याविना दुसऱ्यास न कळणारी. बुटांचा तोडगाही आमच्यातूनच निघाला: कॅलिपरला बसणारे कॅनव्हासचे निराळे बूट करून ते देवळातच ठेवावे, बाहेर वापरू नयेत. भटजी हसून म्हणाले, "आम्ही पाय धुतो, तुम्ही कुबड्यांची टोके धुवा, झाले."

त्या वर्षीच्या जत्रेत आम्ही वडिलांनंतर प्रथमच आत गेलो. खांद्यावरून देव चटकन दिसे. आता मात्र रांगेत, पुढच्या माणसाची पाठ पाहत बराच वेळ उभे राहावे लागले. इतरांसारखेच खोळंबून उभे राहण्यात एवढे सुख असेल, असे आम्हांस वाटले नव्हते. दर्शन झाले तेव्हा डोळे भरून आले होते, त्यामुळे देव धूसरच दिसला.

महाजनांची सभा आता सभामंडपात भरते. त्या उताराचा सर्वांत अधिक उपयोग मात्र आम्हां पाच जणांना होत नाही. तो होतो गुडघे धरून चालणाऱ्या गावच्या आज्यांना.

उतार पुरा झाला तेव्हा समितीने रंगारी बोलावला. काय लिहावयाचे, असे त्याने विचारले. कोणी म्हणाले, 'अपंगांसाठी'. कोणी म्हणाले, २०१५ नंतर सरकारदरबारी रूढ झालेला 'दिव्यांग' हा शब्द घालावा. तोही शब्द आम्हांस न विचारताच दिला गेला, आणि पुष्कळ संघटनांनी त्याला हरकत घेतली होती. चर्चा लांबत चालली तेव्हा पेटीवादक शांतपणे म्हणाले, "काहीच लिहू नका. पायऱ्यांवर 'धडधाकटांसाठी' असे कोठे लिहिले आहे?"

रंगाऱ्याने डबा बंद केला. उतारावर आजही काही लिहिलेले नाही.