पूर्वसूचना

वाचकहो, 'पूर्वसूचना' हा शब्द समोर आला की आपल्या मनात कोणता अर्थ उमटतो? मराठीचे विद्यार्थी म्हणून आपण त्याची सहज फोड कराल: घटना घडण्यापूर्वी दिलेली सूचना. वादळाची पूर्वसूचना हवामान खाते देते. धरणाचे दरवाजे उघडण्याची पूर्वसूचना नदीकाठच्या गावांना मिळते. माझ्या वडिलांनीही तो शब्द याच अर्थाने वाचला. ते चौथीपर्यंत शिकलेले, पण अक्षराशी त्यांनी कधी फारकत घेतली नाही. संध्याकाळी ग्रामगीतेचे पान उघडल्याशिवाय त्यांचा दिवस मावळत नाही. त्यांनी लावलेला अर्थ कोशाप्रमाणे अगदी बरोबर होता, आणि त्या बरोबर अर्थामुळेच आमचा एक हंगाम हातचा गेला.

मी वर्धा जिल्ह्यातील देवळी तालुक्यातल्या एका लहान गावी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक म्हणून काम करते. दाखले काढणे, नोंदी भरणे आणि वरून आलेल्या सूचना गावापर्यंत पोहोचवणे हे माझे काम. यांतले शेवटचे काम मला सर्वांत सोपे वाटत असे. भ्रमणध्वनीवर आलेला मजकूर गावाच्या व्हॉट्सॲप गटात टाकायचा, एक प्रत छापून फलकावर डकवायची आणि नोंदवहीत 'प्रसिद्धी दिली' असे लिहायचे. मजकुराखाली निळ्या खुणा उमटल्या की माझ्या मनाला काम पुरे झाल्याचे समाधान मिळे.

२०२२ च्या जुलैत आमच्या जिल्ह्यात पावसाने थैमान घातले. नद्या-नाले पात्र सोडून शिवारात शिरले. त्याआधी काही दिवस पीक विम्याची एक सूचना माझ्याकडे आली होती. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ पासून चालू आहे. गारपीट, ढगफुटी, शेत जलमय होणे अशा स्थानिक आपत्तीत पिकाचे नुकसान झाले, तर ते ७२ तासांच्या आत कळवावे, असा तिचा नियम होता. सूचनेत मात्र एवढेच होते की, स्थानिक आपत्तीबाबतची पूर्वसूचना ७२ तासांच्या आत सादर करावी. मी ती रात्री गटात टाकली, सकाळी फलकावर लावली. वाचली नाही. म्हणजे डोळ्यांखालून घातली. पण वाचणे त्याहून वेगळे असते, हे मला तेव्हा उमगले नव्हते.

आमचे अडीच एकरांचे वावर नाल्याला लागून आहे. त्या वर्षी त्यात सोयाबीन होते आणि सोयाबीनसाठी ठरलेला २ टक्क्यांचा विमा हप्ताही बाबांनी वेळेवर भरला होता. नाल्याचे पाणी धुऱ्यावरून आत आले आणि उभ्या पिकात साचून राहिले. घरातली सगळी माणसे पाणी काढून देण्याच्या धडपडीत होती. पाचव्या दिवशी पाणी ओसरले, तेव्हा हिरव्या तासांच्या जागी काळा चिखल उरला होता. त्या दिवशी मी बाबांना सहज विचारले, ''बाबा, विम्याचं कळवलं ना?''

ते माझ्याकडे पाहत राहिले. म्हणाले, ''पोरी, मी वाचलं होतं ते फलकावर. तीन दिवस आधी सूचना द्या म्हणत होते. पाणी येणार हे मले तीन दिवस आधी कसं समजन? तसं समजत असतं तं सोयाबीनच कायले पेरलं असतं?''

वाचकहो, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. मुदत टळली होती. तक्रार करावी तर कोणाविरुद्ध? सूचना आली होती, ती मीच लावली होती, माझ्या वडिलांनी ती वाचलीही होती. कागदोपत्री कोणाचीच चूक नव्हती.

त्यानंतर कित्येक रात्री हा शब्द माझ्या मनात घोळत राहिला. नुकसान झाल्यावर द्यायच्या सूचनेला 'पूर्व' का म्हणावे? हळूहळू मला त्याची एक संगती लागली. कार्यालयात बसलेल्या माणसाच्या दृष्टीने पाहिले, तर काम सुरू होते पाहणीपासून. पाहणीच्या आधी जे कळवायचे, ती पूर्वसूचना. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र काम सुरू होते पाण्यापासून; पाणी येऊन गेले की सगळेच 'नंतर' असते. 'आधी' आणि 'नंतर' हे शब्द कोणत्या जागी उभे राहून उच्चारले जातात, यावर त्यांचा अर्थ ठरतो. व्याकरणाच्या पुस्तकात हे मी शिकले असेनही. पण मला ते समजले आमच्या चिखल झालेल्या वावरात.

माझ्या बालपणी गावात दवंडी पिटली जाई. कोतवाल पारापाशी, मग मारुतीच्या देवळापुढे, मग वेशीजवळ उभा राहून सांगे. वरून आलेला कागद तो जसाच्या तसा वाचत नसे; आपल्या बोलीत सांगे. कोणी म्हाताऱ्याने मध्येच ''काहून?'' म्हणून हटकले, तर त्याला थांबावे लागे. दवंडीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. ती वरून खाली येणारी आज्ञाच होती, आणि दाराआड उभ्या असलेल्या बाईला त्या कोतवालाला प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. तरी सांगणारा आणि ऐकणारा एकमेकांच्या नजरेसमोर असत. ऐकणाऱ्याच्या कपाळावरची आठी सांगणाऱ्याला दिसे. निळ्या खुणांना ती दिसत नाही.

माझा जिल्हा तर या प्रश्नाशी फार जुना परिचय असलेला. १९३४ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले. १९३६ मध्ये गांधीजी शेगावी राहायला गेले, जे पुढे सेवाग्राम झाले. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि शिक्षण मातृभाषेतून, हातांच्या कामाशी जोडून द्यावे, असा विचार तिथे मांडला गेला. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील मोझरीहून राष्ट्रसंत तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन गावोगाव फिरत, ते याच सुमारास. ग्रामसफाई, व्यसनमुक्ती, सहकार हे विषय त्यांनी भजनातून लोकांच्या ओठांवर नेले. या मंडळींना एक गोष्ट कळली होती: विचार गावात न्यायचा तर तो गावाच्या श्वासात मिसळावा लागतो.

हा प्रश्न केवळ आपल्यापुरता आहे, असेही नाही. युरोपीय संघात आज २७ देश आहेत आणि २४ अधिकृत भाषा. त्या समूहाने १९५८ मध्ये केलेला पहिलाच विनियम कोणत्या भाषा वापरायच्या याविषयीचा होता; तेव्हा भाषा होत्या चार. कायदे इतक्या भाषांत उतरवूनही ब्रुसेल्समध्ये ठरलेले धोरण दूरच्या गावातील माणसाला परकेच वाटते, हा त्यांचाही अनुभव. म्हणून १९९४ मध्ये स्थानिक आणि प्रादेशिक लोकप्रतिनिधींची एक समिती तिथे कामाला लागली. पुढे सदस्य देशांत ठिकठिकाणी माहिती केंद्रे उघडली गेली, जिथे नागरिक समोरासमोर बसून विचारू शकतो. भाषांतर पुरेसे नसते, सांगणारे ओळखीचे माणूस लागते, हे त्यांनाही शिकावे लागले. आपल्याकडे १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला आणि मराठी राज्यकारभाराची भाषा झाली. ते मोलाचेच झाले. पण माझ्या वडिलांना अडवणारा शब्द इंग्रजी नव्हता, वाचकहो. तो मराठीच होता.

पुढच्या खरिपात मी एक लहानसा बदल केला. आमच्या गावातील महिला बचत गटांची बैठक आठवड्याला भरते. आशाताई आणि अंगणवाडी सेविकाही तिथे असतात. विम्याची सूचना मी त्या बैठकीत नेली, मोठ्याने वाचली आणि विचारले, ''आता तुम्ही मला सांगा, यात काय म्हटलंय?'' पहिल्या तिघींनी तीन अर्थ सांगितले. मग आम्ही सगळ्यांनी मिळून दोन ओळी तयार केल्या: शेतात पाणी शिरले, गारा पडल्या, तर त्या वेळेपासून तीन दिवसांच्या आत कळवा, ॲपवर, फोनवर, नाहीतर बँकेत किंवा कृषी कार्यालयात.

मला वाटले, झाले. तेवढ्यात एकीने विचारले, ''पाऊस चालू असताना रेंजच नसली तं?'' दुसरी म्हणाली, ''वावर मी कसते, सातबारा सासऱ्याच्या नावावर. फोन कोणी करायचा?'' हे प्रश्न सूचनेत नव्हते आणि माझ्याही मनात आले नव्हते. त्यांची उत्तरे मिळवायला मला तालुक्याला दोन खेपा माराव्या लागल्या. परंतु त्या दिवशी प्रथमच सूचना वरून खाली येऊन थांबली नाही. ती प्रश्न घेऊन परत वर गेली. संवाद म्हणतात तो बहुधा याला.

योजनेचे नियम त्यानंतरही बदलत राहिले. २०२३ च्या खरिपात राज्यात एका रुपयात विमा आला, २०२५ मध्ये तो गेला, आणि नुकसानभरपाई ठरवण्याची रीतही बदलली. आमच्या त्या दोन ओळी आता जुन्या झाल्या आहेत. बैठकीत वाचून, उलट विचारून समजून घेण्याची सवय मात्र टिकली आहे. नवा कागद आला की बायाच म्हणतात, ''वाचून दाखव, मंग सांगतो आम्ही.''

मी पदवीसाठी नाव नोंदवले तेही या घटनेनंतर. मराठी आपल्याला येतेच, तिचे काय शिकायचे, असे मला लोक विचारत. आपल्यालाही विचारले असेल. दिवसभराची नोकरी, शेत, चूल आटोपून रात्री पुस्तक उघडणाऱ्या आपणा सर्वांना या प्रश्नाचे उत्तर स्वतःपुरते शोधावे लागते. माझे उत्तर त्या अडीच एकरांत आहे. आपल्या घरी, गल्लीत, गावात एखादा कागद पडलेला असेल, ज्याचा अर्थ कोणीतरी आपल्या समजुतीने लावून गप्प बसले असेल. तो एकदा त्यांच्या शेजारी बसून वाचा. आणि वाचून झाल्यावर, काय समजले ते त्यांनाच सांगू द्या.

बाबांनी मला त्या हंगामाबद्दल कधी बोल लावला नाही. फलकावर नवा कागद लावण्याआधी मी तो आता त्यांच्यापुढे धरते. ते चष्मा पुसतात, ओठ हलवत वाचतात. ज्या शब्दापाशी त्यांचे ओठ थांबतात, त्याच्याखाली मी पेन्सिलीने रेघ ओढते आणि आमच्या बोलीत दोन ओळी लिहून कागद लावते.