पोटखराब्यावरचा वारा

पर्यावरणविषयक कायदा आणि पवनऊर्जेचा विकास हा माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाचा विषय. भारतीय भाषांतील साहित्याचा अभ्यास करणाऱ्या वाचकांपुढे तो मांडण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्न अस्थानी ठरणार नाही. माझे उत्तर एवढेच की, या संशोधनाच्या निमित्ताने मला कायद्याच्या पुस्तकांइतकेच शब्दकोश चाळावे लागले, आणि अधिनियमांनी जे सांगितले नाही ते पुष्कळदा शब्दांनी सांगितले.

आरंभ ‘पवनचक्की’ या शब्दापासूनच करावा लागतो. चक्की म्हटली की दळणे आले. डोंगरमाथ्यावर उभी असलेली ही उंच, पांढरी, तीन पात्यांची यंत्रे काहीच दळत नाहीत. पण इंग्रजीतून आलेली ही जुनी प्रतिमा मराठीने तशीच राहू दिली. कायद्यानेही तेच केले आहे. वाऱ्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न इंग्लंडच्या न्यायालयांपुढे आला तो दळणाच्याच निमित्ताने. वेब विरुद्ध बर्ड या खटल्यात (१८६१) पवनचक्कीच्या मालकाची तक्रार अशी होती की, शेजारी शाळेची इमारत उठल्यामुळे त्याच्या चक्कीला मिळणारा वारा अडला. मोकळ्या आकाशातून वाहत येणाऱ्या वाऱ्यावर दीर्घकाळच्या वहिवाटीने असा हक्क जडत नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. वीस-एकवीस वर्षांनी आपल्याकडे जो सुविधाधिकार अधिनियम (१८८२) आला, त्याच्या सतराव्या कलमातही हाच विचार दिसतो: मोकळ्या जागेवर येणाऱ्या हवेचा व उजेडाचा अधिकार वहिवाटीने मिळत नाही. घराच्या खिडकीतून येणारी हवा मिळविता येते. माळावरची येत नाही. वारा कोणाचाच नाही. मग ज्याच्या हाती जमीन, त्याच्या हाती वाराही आपोआप जातो. म्हणून पवनऊर्जेचा कायदा वरवर वाऱ्याचा दिसला, तरी मुळात तो जमिनीचा कायदा आहे.

आणि जमिनीचा प्रश्न आला की आपल्याकडे सातबारा आला. सातारा जिल्ह्यात सह्याद्रीच्या माथ्यावर चाळकेवाडीचे पठार आहे. ठोसेघरच्या धबधब्यावरून वर गेले की जांभ्या दगडाचा हा विस्तीर्ण सडा लागतो. माती बोटभर, कोठे तेवढीही नाही. पावसाळ्यात ढग जमिनीला टेकतात, खळग्यांतून पाणी साचते, आणि पाऊस ओसरला की त्याच दगडावर इवल्याइवल्या फुलांची दाटी होते. उन्हाळ्यात तोच दगड तव्यासारखा तापतो. झाड जवळजवळ नाही. वारा मात्र अखंड. गेल्या शतकाच्या अखेरीस येथे आणि जवळच्या वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. नव्वदीच्या दशकात पवनयंत्रांवर पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा धरण्याची सवलत आयकरात होती. त्यामुळे वाऱ्याशी कसलाही संबंध नसलेल्या अनेक उद्योगांना एकाएकी वाऱ्याची गोडी लागली, हेही नमूद केले पाहिजे. या ठिकाणी करसल्लागाराचे कर्तृत्व अभियंत्याच्या कर्तृत्वाहून फारसे कमी नव्हते.

महसुली दप्तरात अशा जमिनीसाठी एक शब्द आहे: ‘पोटखराबा’. धारण केलेल्या क्षेत्रापैकी जो भाग लागवडीला योग्य नाही तो पोटखराबा. त्यातही ‘अ’ आणि ‘ब’ असे पोटभेद. नांगर चालत नाही, म्हणून आकारणी नाही. आकारणी नाही, म्हणून सरकारच्या लेखी तेथे काही घडत नाही. प्रबंध इंग्रजीत लिहावयाचा असल्यामुळे या शब्दाला प्रतिशब्द शोधणे भाग होते, आणि सरकारी इंग्रजीतला ‘वेस्टलँड’ हा शब्द हाताशी तयारच होता. तो वापरावा, अशी सूचना मला एकाहून अधिक वेळा मिळाली. मी तो वापरला नाही. ‘वेस्टलँड’ म्हणताना जमिनीवर जो दोषारोप होतो, तो ‘पोटखराबा’त त्याच रीतीने होत नाही. पोटखराबा हा कोणाच्या तरी जमिनीच्या पोटातला भाग आहे; तो मालकाला ठाऊक असतो, त्यावरून त्याची गुरे जातात, पाऊलवाट जाते, त्याच्यावर गवत वाढते. खराबा आहे, पण घरचा आहे. भाषांतरात नेमके हे ‘पोट’ गळून पडते.

गावच्या मराठीत जमिनीचे ‘काळी’ आणि ‘पांढरी’ असे दोन मोठे भाग केलेले आहेत. पिकते ती काळी, वसते ती पांढरी. जांभ्याचा तांबडा सडा या दोहोंत बसत नाही. आणि येथे एक योगायोग असा की, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ साली उद्योगांची लाल, नारिंगी, हिरवी व पांढरी अशी रंगवार विभागणी केली, तेव्हा पवनऊर्जेला ‘पांढऱ्या’ वर्गात बसविले. या वर्गातील उद्योगाला मंडळाच्या संमतीची गरज नाही. कळविले की पुरे. ज्या ऊर्जेला भाषणांतून ‘हरित’ म्हटले जाते, ती नियमात पांढरी आहे. आणि ती जेथे उभी राहते ती जमीन ना काळी, ना पांढरी.

याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने कोणत्या प्रकल्पांना पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी लागेल याची अनुसूची घालून दिली. औष्णिक, अणुशक्तीचे, जलविद्युत असे सगळे प्रकल्प तीत आहेत, पवनऊर्जा नाही. यंत्र एक असो वा पाचशे, त्याचा परिणाम मोजण्याचे बंधन या अधिसूचनेने घातले नाही. वनजमीन लागली तर १९८० चा वनसंरक्षण अधिनियम आडवा येतो. (२०२३ पासून या अधिनियमाचे नाव इंग्रजी पाठातसुद्धा ‘वन संरक्षण एवं संवर्धन अधिनियम’ असे झाले आहे, भाषांच्या अभ्यासकांनी या घटनेकडे लक्ष द्यावे, असे मला वाटते.) अभयारण्य असेल तर १९७२ चा वन्यजीव अधिनियम आहे. पण पठार वन नसेल, अभयारण्यही नसेल, नुसताच सडा असेल, तर त्याच्या बाजूने बोलणारे कलम सापडत नाही. कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटाच्या इतर भागांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले. चाळकेवाडीचा जांभा त्याच जातीचा, त्याच जिल्ह्यातला. तो त्या यादीत नाही.

‘वन’ म्हणजे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गोदावर्मन प्रकरणात आला. १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशात न्यायालयाने सांगितले की, या शब्दाचा कोशातील अर्थ घ्यावा. साहित्याच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावयास हवे. एका देशाची अरण्ये कोशाच्या हवाली झाली. पण कोश कोणत्या भाषेचा? मराठीत वन, रान, अरण्य, जंगल, राई यांतील प्रत्येकाची छटा वेगळी आहे. रानात माणूस शेतीही करतो आणि गुरेही राखतो. ‘जंगल’ शब्दाची कथा तर अधिकच बोलकी आहे. फ्रान्सिस झिमरमन या फ्रेंच पंडिताने आयुर्वेदावरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की, संस्कृत ‘जांगल’ म्हणजे किर्र झाडी नव्हेच. तो कोरडा, मोकळा, विरळ झुडपांचा मुलूख. दाट व दमट तो ‘आनूप’. वैद्यकाने जांगल देश वातप्रधान मानला आहे. म्हणजे जेथे वारा तेथे जांगल, हे आपल्या पूर्वसूरींना ठाऊक होते. तो शब्द पुढे दाट झाडीला जाऊन चिकटला, आणि ज्या उघड्या भूमीचा तो मूळचा होता ती निनावी होऊन ‘पडीक’ या सदरात जमा झाली. या शब्दान्तराचा आजच्या धोरणाशी संबंध नाही, असे मला म्हणवत नाही.

त्या निनावी भूमीवर राहणाऱ्या एका प्राण्याला मात्र मराठी नाव मिळाले आहे. नराच्या गळ्याखाली निळा, काळा व नारिंगी पंखा फुलविणाऱ्या सरड्यांचा अभ्यास करताना शास्त्रज्ञांनी २०१६ साली एक नवी प्रजाती वेगळी काढली, आणि तिला थेट मराठीतून ‘सरडा’ हे नाव दिले. ‘सरडा सुपर्बा’ ही त्यातील जाती चाळकेवाडीच्याच पठारावरून वर्णिलेली. लॅटिनच्या पंगतीत बसलेला हा मराठी शब्द पाहून मला जो आनंद झाला, तो प्रबंधात नोंदविण्यास जागा नव्हती. दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पठारावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी, नसलेल्या भागाच्या मानाने, जवळजवळ चौपटीने कमी आढळले. पक्षी कमी, म्हणून सरडे अधिक. पण सरड्यांत दाटी झाली, अंगलट उतरली, भीतीची संप्रेरके कमी झाली, माणसाला ते अधिक जवळ येऊ देऊ लागले, नरांच्या गळ्याचा रंग फिका पडला. पाते फिरते आकाशात आणि रंग उतरतो जमिनीवर. ही साखळी कोणत्याही अनुसूचीत बसत नाही, आणि कायद्याच्या विद्यार्थ्याला ती नेमकी याच कारणासाठी अस्वस्थ करते: हानी झाली म्हणावे, तर मेलेला कोणी दाखविता येत नाही.

मरणारे दाखविता येतात ते पश्चिमेकडे, थरच्या वाळवंटात. आपण ज्याला माळढोक म्हणतो, तो तेथे गोडावण. जड शरीराच्या या पक्ष्याला समोरच्या विजेच्या तारा वेळेवर दिसत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव अधिनियमाच्या घडणीत ज्यांचा मोठा वाटा होता, ते एम. के. रणजितसिंह स्वतःच यासाठी न्यायालयात गेले. १९ एप्रिल २०२१ रोजी तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश झाला; २१ मार्च २०२४ रोजी तो सौम्य करण्यात आला व विषय तज्ज्ञ समितीकडे गेला. या दुसऱ्या निर्णयातच हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकाचा अधिकार राज्यघटनेच्या १४ व २१ या अनुच्छेदांत सामावलेला आहे, असे न्यायालयाने प्रथमच स्पष्टपणे सांगितले. पक्ष्याला दिलेले संरक्षण आखडते घेताना माणसाला नवा हक्क मिळाला, हा विरोधाभास कोणाही वाचकाला जाणवेल. तरीही त्या निर्णयाला नुसती नावे ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. कोळसा जाळून आपण जो ताप वाढविला आहे, तो माळढोकालाही सोडणार नाही आणि सरड्यालाही नाही. देशातील पवनऊर्जेची क्षमता २०२५ साली पन्नास हजार मेगावॉटच्या पुढे गेली. ती जावयासच हवी होती. नॉर्वेत ११ ऑक्टोबर २०२१ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने फोसेन येथील पवनप्रकल्पांचे परवाने सामी रेनपालकांच्या सांस्कृतिक हक्काचा भंग करणारे म्हणून अवैध ठरविले. निकालानंतरही यंत्रे फिरतच राहिली. चांगल्या हेतूने उभारलेली वस्तू पाडणे कोणत्याच राज्याला सोपे जात नाही. म्हणून प्रश्न विचारावयाचा तो उभारणीपूर्वी.

पठारावर मी ज्यांच्याशी बोललो त्यांतील एक वृद्ध गृहस्थ मेंढ्या राखीत होते. “बाबा, चक्क्या आल्या तेव्हा तुम्हांला कोणी विचारलं होतं का?” असे मी विचारले. ते म्हणाले, “जिमिनीचं इचारलं की. कागुद आणला, आंगठा घेतला, पैसं बी दिलं. वाऱ्याचं न्हाई इचारलं कुणी.” मग थोड्या वेळाने, मेंढ्यांकडे पाहत, “आन् इचारलं असतं तर आमी काय नगं म्हणणार हुतो? पर इचारायचं हुतं.”

त्यांच्या बोलण्यात रोष नव्हता. विरोधाचे पुढारी आणि विकासाचे प्रवक्ते अशा दोघांचेही पुष्कळ लिखाण मी वाचले होते; पण संमती आणि पृच्छा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या थोड्या शब्दांत मला कोणी सांगितले नव्हते. संमतीची किंमत ठरविता येते, पृच्छेची येत नाही, आणि आपला कायदा जिची किंमत ठरते तेवढीच नोंदवितो.

प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात मी जी सूचना केली आहे ती लहानशी आहे. पवनप्रकल्पांना औष्णिक केंद्रांच्या रांगेत बसवावे, असे मी म्हटलेले नाही. तसे केल्यास कोळशाचाच फायदा होईल. मात्र उघडी पठारे, गवताळ माळ आणि ओरणांसारख्या देवभूमी येथे जागा ठरण्यापूर्वी स्थानिक चौकशी व जनसुनावणी असावी, असे सुचविले आहे. राजस्थानातील ओरणांना वन म्हणून ओळखण्याचे निर्देश न्यायालयाने १८ डिसेंबर २०२४ रोजी दिलेच आहेत. सड्यांना तसे कोणी अजून विचारात घेतलेले नाही. जनसुनावणी ज्या प्रकल्पांना लागू आहे, त्यांच्यासाठी २००६ च्या अधिसूचनेतच एक तरतूद आहे: अहवालाचा सारांश इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही लोकांपुढे ठेवावा लागतो. हे सारांश बहुधा रुक्ष असतात, त्यांतले मराठी वाचवत नाही, हे मी त्यांपैकी कित्येक वाचले असल्यामुळे सांगू शकतो. तरी त्यांत गावाचे नाव असते, ओढ्याचे नाव असते, कोणती झाडे व कोणती पाखरे आहेत याची यादी असते, आणि ती चूक असेल तर उठून तसे सांगण्याची सोय असते. पवनऊर्जा अनुसूचीबाहेर राहिल्यामुळे चाळकेवाडीच्या सड्याविषयी असा चार पानांचा मराठी मजकूर लिहिण्याचे बंधन कोणावरच नव्हते. सातबाराच्या उताऱ्यावर त्या जमिनीपुढे एकच शब्द लिहिलेला आहे. प्रबंधात मी तो देवनागरीत, जसाच्या तसा ठेवला आहे.