कामिनाची वही

एम.ए.च्या वर्गाला 'आत्मपर गद्य' शिकवताना आम्ही दोघे दरवर्षी एक उपक्रम देतो. विद्यार्थ्याने घरातल्या वा गावातल्या एखाद्या वृद्ध व्यक्तीची आठवण तिच्याच शब्दांत नोंदवून आणायची आणि वर्गात तिचे वाचन करायचे. काही वर्षांपूर्वी नमुना म्हणून आम्हीच एक मुलाखत घेतली. आमच्यापैकी एकाचे थोरले मामा १९६१-६२ साली भारतीय वायुदलाच्या तुकडीबरोबर काँगोत होते. वैमानिक नव्हे, विमानांच्या तोफांत गोळ्या भरणाऱ्या गटातले. साताऱ्याजवळच्या त्यांच्या घरी पडवीत बसून, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करत, आम्ही दोघे आणि आमचे दोन विद्यार्थी दोन तास त्यांचे बोलणे ऐकत होतो.

जाण्याआधी आम्ही अभ्यास केला होता. ३० जून १९६० रोजी बेल्जियमची सत्ता संपून काँगो स्वतंत्र झाला आणि अवघ्या अकरा दिवसांत तांब्याच्या खाणींनी संपन्न असलेला कटांगा प्रांत मोइझ चोंबे यांच्या नेतृत्वाखाली फुटून निघाला. जानेवारी १९६१ मध्ये पात्रिस लुमुंबा यांची हत्या झाली. संयुक्त राष्ट्रांच्या फौजेत भारताची एक संपूर्ण ब्रिगेड होती. परंतु त्या फौजेपाशी लढाऊ विमान नव्हते, आणि सप्टेंबर १९६१ मध्ये कटांगाच्या एकाच फूगा मॅजिस्टर जेटने तिला सळो की पळो करून सोडले. त्याच महिन्याच्या १८ तारखेला सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड एंडोलाजवळच्या विमान अपघातात मृत्यू पावले. त्यानंतर स्वीडन, इथिओपिया आणि भारत यांची विमाने काँगोत पोहोचली. भारताची होती ५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची सहा कॅनबेरा. डिसेंबर १९६१ च्या सुरुवातीला कॅनबेरांनी कोल्वेझीच्या धावपट्टीवर हल्ला करून कटांगाची विमाने जमिनीवरच नष्ट केली. ५ डिसेंबर १९६१ रोजी एलिझाबेथविल येथे कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. पुढे कॅनबेरांचा मुक्काम कामिना या बेल्जियमने बांधलेल्या विस्तीर्ण तळावर हलला आणि १९६२ साली, चीनच्या आक्रमणाच्या काळात, त्या मायदेशी परतल्या.

एवढे सगळे माहीत करून घेऊन आम्ही गेलो होतो, आणि मामांना यातले जवळपास काहीच सांगायचे नव्हते.

त्यांना आठवत होता तो पाऊस. "आपल्याकडं दिवाळीला पाऊस सरतो, तिथं दिवाळीला सुरू होतो. उलटं सगळं," असे ते तीनदा तरी म्हणाले. त्यांना वास आठवत होता. कॅनबेराचे एंजिन काडतूस उडवून सुरू करत. काळ्या धुराचा लोट उठे आणि दारूचा उग्र दर्प हँगरभर पसरे. भल्या पहाटे तो दर्प नाकात शिरला की आज विमाने जाणार हे अंथरुणातच कळे. त्यांना तिथला एक झाडलोट करणारा माणूस आठवत होता. त्याच्याकडून ते चार शब्द शिकले, आणि ते शिकावे लागलेच नाहीत याचे त्यांना अजून नवल वाटत होते. चहाला तो 'चाय' म्हणे, पुस्तकाला 'किताबु' आणि लेखणीला 'कलामु'. "आपलाच कुणी दूरचा असावा असं वाटायचं," मामा म्हणाले. वेगवेगळ्या जुन्या वाटांनी स्वाहिलीत आणि मराठीत पोहोचलेले हे शब्द एका परक्या तळावर दोन अनोळखी माणसांना असे भेटले. भाषाशास्त्राच्या तासाला हे उदाहरण आम्ही तेव्हापासून देत आलो आहोत.

तरीही परतीच्या एस.टी.त आम्ही खट्टू होतो. युद्ध कुठे होते? पाऊस, धूर, चहा! आपल्या वाङ्मयात याला जुना दाखला आहे हे आम्हांला नंतर सुचले. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापून आला. झाशीच्या वेढ्यात प्रत्यक्ष सापडलेल्या त्या भिक्षुकाच्या लेखनात दक्षिणा, स्वयंपाक, वाटेचा त्रास, तीर्थस्नान यांना लढाईइतकीच जागा आहे. इतिहासाच्या मध्यावर उभ्या असलेल्या माणसाला इतिहास दिसत नाही, त्याला पायाखालची जमीन दिसते, असे आम्ही वर्गात सांगतो. मामांच्या बाबतीत मात्र हे वाक्य अपुरे होते, आणि ते अपुरे आहे हे आमच्या एका विद्यार्थिनीने आमच्याआधी ओळखले.

मुलाखतीच्या उत्तरार्धात मामा आपल्या कामाविषयी बोलले होते. त्या कॅनबेरांना चार तोफा होत्या, २० मिलिमीटरच्या. विमान जाण्यापूर्वी गोळ्या मोजून भरायच्या. परत आले की उरलेल्या मोजायच्या, वहीत लिहायच्या, सही घ्यायची. मामा एरवी मितभाषी. परंतु या मोजणीविषयी ते अभिमानाने बोलले. त्यांच्या वहीत कधी एका गोळीचाही फरक पडला नव्हता. तेव्हा त्या विद्यार्थिनीने विचारले, "आजोबा, ज्या परत आल्या नाहीत, त्या कुठं गेल्या?"

प्रश्नात आरोप नव्हता. हिशेब ऐकणाऱ्या कुणालाही पडावा असा तो प्रश्न होता. मामा अंगणाकडे पाहत राहिले. बराच वेळ गेला. मग ते उठले, आत गेले आणि एक छोटी डबी घेऊन आले. तिच्यात विदेश सेवा मेडल होते, फितीवर 'कांगो' अशी पट्टी. ते तिच्या हातात देऊन म्हणाले, "बघ. देशाचं नाव आहे. गावाचं नाही." आणि त्यांनी चहा सांगितला.

महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी ही मुलाखत शब्दबद्ध केली तेव्हा तो प्रश्न आणि ते उत्तर आम्ही गाळले. निर्णय आमचा होता, दुसऱ्या कुणाचा नाही. कारणेही आम्ही एकमेकांना पटवून दिली: वृद्ध माणूस आहे, त्याला अवघडल्यासारखे होईल; शांतिसेनेत गेलेल्या जवानाची आठवण आहे, वाचक भलता अर्थ काढतील; शिवाय लांबीही वाढते. संपादन म्हणजे निवड, हे आम्ही शिकवतोच. विद्यार्थिनीने अंक वाचला आणि काही म्हटले नाही. तिचे ते न बोलणे आम्हांला तिच्या प्रश्नापेक्षा जड गेले.

मामा परवाच्या पावसाळ्यात गेले. दिवसांनंतर आम्ही ते ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकले. अंकात छापलेल्या मजकुरात मामा एक गमतीदार, थोडे विसराळू गृहस्थ वाटतात. परदेशी तळावर चहा प्यायलेले, पाऊस पाहिलेले. ध्वनिमुद्रणातले मामा तसे नाहीत. त्यांना सगळे ठाऊक होते. वजाबाकी रोज त्यांच्याच हाताने होत होती. कोल्वेझी त्यांनी कधी पाहिले नाही, पण तिथे काहीतरी उतरते आहे हे वहीतल्या प्रत्येक आकड्याने त्यांना सांगितले होते. त्यांची निष्ठा खरी होती, कामावरचा अभिमान खरा होता, आणि साठ वर्षे जपलेले हे उत्तरही खरे होते. आम्ही यांपैकी पहिल्या दोन गोष्टी ठेवल्या आणि तिसरी काढून टाकली. विसराळू ते नव्हते.

आम्हांला दुसऱ्याला दोष देण्याची सोय नाही, हेही त्या दिवशी ध्यानात आले. कोल्वेझीचा परिसर आज जगाला कोबाल्ट पुरवणारे मोठे केंद्र आहे आणि मोबाइलच्या बॅटरीत कोबाल्ट लागते. ज्या यंत्रावर आम्ही मामांचा आवाज साठवला, त्यातला कण कुठल्या खाणीतून, कुणाच्या हातून आला, हे आम्ही कधी विचारले नव्हते. येणाऱ्या वस्तूंची आमची वहीही चोख आहे. त्या कुठून आल्या हा रकाना तेवढा तिच्यात नाही.

या वर्षी वर्गासाठी आम्ही मुलाखतीची नवी प्रत केली. प्रश्न जागेवर परत आणला, डबी आणली, उत्तर आणले. मधल्या वेळाचे काय करावे यावर आमचा थोडा वाद झाला. अखेर कंसात एक ओळ लिहिली: 'येथे काही वेळ कोणी बोलले नाही.' वर्गात वाचन करणारा विद्यार्थी त्या ओळीशी आला तेव्हा त्याने ती वाचली नाही. तो नुसता थांबला.