दुसरा गाल

मी वसतिगृहांत शिकत असतांना एक थोराड मुलगा रोज आपले कपडे माझ्याकडून धुवून घेई. नाहीं म्हटलें तर मार ठरलेला. मत्तयाच्या ५ व्या अध्यायांतील दुसरा गाल पुढें करणें तें हेंच, अशी मीं मनाची समजूत घातली होती. खरें पाहतां ती भीति होती, प्रीति नव्हे.

एके रात्रीं योहानाच्या शुभवर्तमानाचा १८ वा अध्याय वाचण्यांत आला. महायाजकापुढें प्रभूला एका शिपायानें चपराक मारली. प्रभूनें उलट हात उगारला नाहीं. पण तो मुकाही राहिला नाहीं. माझें चुकलें असेल तर दाखव, नसेल तर मारतोस कां, असें त्यानें विचारलें.

दुसरे दिवशीं मीं त्या मुलाला म्हटलें, "तूं आजारी पडलास तर तुझे कपडे आनंदानें धुईन, धाकानें मात्र धुणार नाहीं." त्यानें मारलें. मीं हात उचलला नाहीं. पण गृहपालांना सर्व सांगितलें.

त्याच पावसाळ्यांत तो हिंवतापानें पडला. मी बादली घेऊन गेलों व त्याचे कपडे उचलले. त्यानें मान खालीं घातली. मुलांनो, त्याची सेवा मीं त्या दिवशीं प्रथम केली. तत्पूर्वीं केली ती गुलामगिरी होती.