लक्ष्मणरावांची वाडी
लक्ष्मणराव किर्लोस्करांना आपण कारखानदार म्हणून आठवतो. मला ते अपुरं वाटतं. बेळगावात सायकलींचं दुकान चालवणाऱ्या या माणसानं लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडानं जमीन नासते असं शेतकरी म्हणत. तरी ते हटले नाहीत. १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर त्यांनी कारखान्याबरोबर गावही वसवलं, किर्लोस्करवाडी, आणि तिथं अस्पृश्यतेला थारा दिला नाही. त्या काळात, त्या माळावर! कुणी म्हणेल, आधार औंधच्या राजाचा, राबणारे हात बंधू रामूअण्णा आणि पुढे मुलगा शंतनुराव, पुतणे शंकरराव यांचेही. मग एकट्याचं कर्तृत्व कसलं? पण इतक्या जणांना आपल्या ध्यासात ओढून घेणं एकट्याच्या हिकमतीहून कठीण असतं, आणि कामगारांच्या उंबऱ्यापर्यंत आपलं घर वाढवणं त्याहून कठीण. म्हणूनच त्यांच्या चरित्रात नांगराइतकीच जागा वाडीतल्या घरांना मिळायला हवी.