आमच्या घरचा पाहुणा

परक्या मुलाला घरांत घेण्याचे प्रकार आपल्याकडे पुष्कळ, आणि त्यांस शब्दहि पुष्कळ. वंशाकरितां घेतला तर तो दत्तक. कींव येऊन वाढविला तर पोसका. नात्यांतला निराधार असला तर आश्रित. आणि विद्येकरितां गांव सोडून आलेला असला तर आठवड्याच्या सात दिवशीं सात घरीं वार लावून जेवणारा गरीब विद्यार्थी. परंतु दुसऱ्याचें मूल, त्याच्या आईबापांचा हक्क जसाच्या तसा ठेवून, कांहीं काळापुरतें आपल्या घरीं आणावें, पोटच्याप्रमाणें वाढवावें, आणि वेळ आली म्हणजे ज्याचें त्याला परत करावें, या व्यवहाराला घरगुती शब्द आम्हांस अद्यापि सांपडलेला नाहीं. सरकारी कागदांत त्याला 'प्रतिपालकत्व' असें भारदस्त नांव आहे. आमच्या शेजारच्या आजीबाई 'सांभाळायला घेतलेला' एवढेंच म्हणत, आणि खरें सांगावयाचें तर तेंच आम्हांस अधिक पटलें.

आम्ही उभयतां डोंबिवलीस राहतों. मुलगी लग्न होऊन दूर गेली, आणि तिची खोली वर्षभर वर्तमानपत्रांच्या रद्दीनें भरत राहिली. सांभाळण्यासाठीं मूल मागावें ही कल्पना सौभाग्यवतींची. तिचा पाठपुरावा मात्र आमच्याकडे आला, आणि पहिली चूकहि आमचीच. विलायतेंत हें काम तेथील नगरसंस्था पाहतात असें कोठेंतरी वाचलें होतें. कल्याण-डोंबिवलीला १९८३ पासून महानगरपालिका आहे. तेव्हां सरळ तिच्या कचेरींत जाऊन उभे राहिलों. खिडकीमागच्या गृहस्थांनीं आमचें म्हणणें शांतपणें ऐकून घेतलें आणि सांगितलें, "येथें फक्त जन्माची नोंद होते, काका. जन्मानंतरचें ठाण्याला." इतक्या थोडक्या शब्दांत राज्यकारभाराची वांटणी आम्हांस आजवर कोणीं समजावून दिली नव्हती.

ठाण्यास जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो. तेथें अर्ज करावयाचा. मूल देण्याचा हुकूम मात्र बाल कल्याण समितीचा. याच्या मुळाशीं २०१५ चा बालन्याय कायदा. त्यावर केंद्र सरकारनें २०१६ सालीं मार्गदर्शक नियम केले आणि २०२४ सालीं ते सुधारले. पूर्वीं फक्त विवाहित दांपत्यालाच असें मूल मिळे. आतां पस्तिशीपुढील एकट्या बाईला किंवा पुरुषालाहि अर्ज करतां येतो, मात्र एकट्या पुरुषाकडे मुलगाच देतात. मूल सामान्यतः सहा वर्षांवरचें असतें. उत्पन्नाचा दाखला, प्रकृतीचा दाखला, पोलिसांचा दाखला, ओळखीच्या माणसांचीं पत्रें, हें सर्व झाल्यावर गृहचौकशीसाठीं एक बाई आल्या. त्यांनीं खोल्या पाहिल्या, खिडकीचे गज पाहिले, आणि आम्हां दोघांस निरनिराळे बसवून एकच प्रश्न विचारला: "उद्यां मूल त्याच्या घरीं परत गेलें, तर तुम्हांला काय वाटेल?" आम्हीं दोघांनींहि, आधीं कांहीं न ठरवितां, एकच उत्तर दिलें, कीं आम्हांस आनंद होईल. बाईंनीं तें उतरवून घेतलें. तें उत्तर कोठेंतरी फाइलींत आहे, आणि त्याची आठवण झाली कीं आम्हांस आजहि ओशाळल्यासारखें होतें.

आमचे आजोबा पुण्यास वार लावून शिकले. सोमवारच्या घरीं भात ऊन मिळे आणि गुरुवारच्या घरीं ताक आंबट, असें ते साठ वर्षांनंतरहि सांगत. एका घरची बाई वाढतांना मुलांची चौकशी करी, दुसरी न बोलतां वाढी. उपकार दोघींचेहि, पण आजोबांच्या स्मरणांत नांव राहिलें तें पहिलीचेंच. १९३९ च्या सप्टेंबरांत, महायुद्ध सुरू होतांना, लंडनादि शहरांतून लाखों मुलें खेड्यांत हलविलीं. त्यांच्या अंगरख्यांना नांवाच्या चिठ्ठ्या अडकविल्या होत्या, आणि एका मुलाला घरीं ठेवणाऱ्यास सरकार आठवड्याला साडेदहा शिलिंग देई. त्या मुलांपैकीं कित्येकांनीं म्हातारपणीं आपल्या आठवणी लिहिल्या आहेत. कोणाला दुसरी आई मिळाली, कोणी फुकटचा गडी म्हणून राबला. सात वारांचें पुणें आणि ती विलायत यांत आम्हांस फारसें अंतर दिसत नाहीं. मूल कोणाच्या दारीं जातें, यावर सर्व अवलंबून.

आमच्याकडे आला तो नऊ वर्षांचा. त्याचें नांव-गांव लिहिण्यास कायद्याची मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. आई दीर्घ दुखण्यानें अंथरुणास खिळलेली, बाप परागंदा, आणि मध्यंतरीं वर्षभर हा बालगृहांत. येण्यापूर्वीं दोनतीनदां भेटी झाल्या होत्या. तरी आषाढांतल्या ज्या संध्याकाळीं तो आमच्या दारांत उभा राहिला, त्या वेळीं त्यानें चपला काढल्या आणि हातांतच धरून ठेवल्या. कोठें ठेवूं, असें विचारण्याचाहि त्याला धीर झाला नाहीं. पहिले आठ दिवस तो प्रत्येक गोष्टीला "चालेल" म्हणे. आमटी चालेल, ताक चालेल, दिवा मालवला तरी चालेल. नवव्या दिवशीं त्यानें "कारलें नको" असें सांगितलें, तेव्हां सौभाग्यवतींस जो आनंद झाला तो आमच्या मुलीच्या मॅट्रिकच्या निकालाला झाला नव्हता.

पंधरवड्यानंतर उशीचा अभ्रा बदलतांना खालीं अर्धी पोळी सांपडली. दुसऱ्या दिवशीं पुन्हां एक. आम्हांस प्रथम रागच आला. आमच्या घरीं पोळ्यांची कधीं उणीव पडली होती काय! सौभाग्यवतींनीं मात्र कांहीं न बोलतां एक झांकणाचा डबा त्याच्या खाटेशीं ठेवला आणि सांगितलें, "हा तुझा. यांत रात्रीची पोळी ठेवीत जा, म्हणजे मुंग्या लागणार नाहींत." चार महिन्यांनीं त्या डब्यांत गोट्या आल्या. तें दुखणें बरें केल्याचें श्रेय आम्हीं मनांतल्या मनांत घेऊन टाकलें.

बाहेरच्या जगाला मात्र त्याचें काय करावें हें समजेना. शाळेच्या कागदावर 'विद्यार्थ्याशीं नातें' अशी जागा होती. तेथें 'प्रतिपालक' लिहिलें, तर कोणीं तरी शेजारीं पेन्सिलीनें 'काका?' असें लिहून ठेवलें. इमारतींतील एका गृहस्थांनीं, सरकार यांचे पैसे देतें म्हणे, अशी सहज पृच्छा केली. देतें, २०२२ च्या मिशन वात्सल्य योजनेंत महिना ४,००० रुपयांची तरतूद आहे. आपल्या राज्याची बाल संगोपन योजना याहून जुनी. तींत २०२३ पासून महिना २,२५० रुपये मिळतात, पण तेथें मूल बहुधा स्वतःच्या आईकडे किंवा नातलगांकडेच राहतें. हें सर्व त्या गृहस्थांस समजावून देतां देतां आमचा जिना संपला, आणि त्यांनीं शेवटीं विचारलें, "म्हणजे परवडतें तर!" डोंबिवलींतील शाळेची फी आणि वाढत्या पायांचे जोडे ज्यांनीं घेतले आहेत, त्यांस या हिशेबाचें उत्तर द्यावयास नको.

समितीच्या देखरेखीखालीं महिन्याकाठीं तपासणी होई, आणि आईची भेटहि ठरवून होई. त्या दिवशीं तो सकाळपासून तयार. गाडींत खिडकीशीं उभा राहून कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा अशीं स्टेशनें मोठ्यानें म्हणे. परततांना मात्र त्याच नांवांना तोंड फुटत नसे. आई अशक्त, पण हातांत नेहमीं कांहींतरी, चिक्की नाहीं तर चणे. ती आम्हांस 'दादा' आणि सौभाग्यवतींस 'ताई' म्हणे. तो आम्हांस काका-काकू म्हणे. तें पहिल्याच दिवशीं सर्वांनुमतें ठरलें होतें. एकदां तापांत, मध्यरात्रीं, त्यानें काकूला 'आई' अशी हांक मारली. ती "काय रे" म्हणाली. हें आम्हीं कोणत्याहि अहवालांत कळविलें नाहीं.

यशोदेची गोष्ट आपल्याकडे लहान मुलांनाहि पाठ असते. तिचें लोणी, तिचें उखळ, सर्व वर्णन करून आपले कीर्तनकार कृष्णाला अक्रूराच्या रथांत बसवितात आणि त्याच्याबरोबर मथुरेला निघून जातात. गोकुळांत मागें स्वयंपाक कोणीं केला, कीं त्या दिवशीं चूलच पेटली नाहीं, हें पाहण्यास थांबणारे थोडे.

एके दिवशीं फोन आला, कीं आईची प्रकृति सुधारली आहे. डॉक्टरांनीं कामाची परवानगी दिली. कल्याणला भावाच्या शेजारीं खोलीहि मिळाली. फोनवर आम्ही "वा, छान" म्हणालों. फोन खालीं ठेवल्यावर पहिल्या क्षणीं जें मनांत आलें तें येथें लिहितांना हात अडखळतो, पण लिहिलें पाहिजे: ती बाई आणखी वर्षभर बरी झाली नसती तर, असें मनांत आलें. एका आजारी स्त्रीविषयीं, जिनें आमचें कधीं वांकडें केलें नाहीं, जी प्रत्येक भेटींत आमच्यासाठींहि चिक्कीची वडी बाजूला काढून ठेवी! स्वयंपाकघरांत जाऊन पाहतों तों सौभाग्यवती पाठमोऱ्या उभ्या. त्यांनीं फोन ऐकला होता. त्यांच्या मनांत काय आलें तें आम्हीं विचारलें नाहीं, आणि त्यांनींहि आम्हांस विचारलें नाहीं. कायदा याबाबत स्पष्ट आहे: आईबाप सांभाळण्यास समर्थ झाले असें समितीस वाटलें, कीं मूल त्यांच्याकडे जावें. कायदा करणाऱ्यांस प्रतिपालकांचा स्वभाव ठाऊक असावा, म्हणूनच हा निर्णय त्यांनीं आमच्या हातीं ठेवला नाहीं.

परत जाणें एकदम झालें नाहीं. आधीं एक रविवार, मग दोन रात्री, मग दिवाळीची सुट्टी. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर नव्या कपड्यांची गर्दी लोटते. तेथें त्याला नेण्याचें आम्हीं कबूल केलें होतें, पण तो कल्याणला होता. आम्ही दोघें गेलों आणि गणेशमंदिरापासूनच परत फिरलों. मार्गशीर्षांत समितीचा हुकूम झाला. दप्तर, डबा, गोट्या, शाळेचीं प्रगतिपत्रकें, सर्व दिलें. त्यानें चपला दारांत घातल्या, कोठें ठेवल्या आहेत हें न विचारतां.

आतां दर रविवारीं फोन येतो; कधीं दोन मिनिटांचा, कधीं गणितें अडलीं असलीं तर अर्ध्या तासाचा. गणपतींत तीं दोघें आमच्याकडे आलीं होतीं. ठाकुर्ली ओलांडली कीं डोंबिवलीच, त्यामुळें तो आईला वाटाड्याप्रमाणें घेऊन आला. तो गच्चीवर खेळावयास गेल्यावर ती स्वयंपाकघरांत सौभाग्यवतींजवळ बसली, उकडीच्या पाऱ्या पाहत. बोलतां बोलतां म्हणाली, "ताई, घरीं आल्यावर पहिले दोन महिने रोज उशीखालीं पोळी ठेवायचा. मी ओरडले नाहीं. आतां नाहीं ठेवत."

सौभाग्यवतींनीं हातांतली पारी तशीच ताटांत ठेवली. मग तिला विचारलें, डबा दिला होता तो आहे ना घरीं, आणि ती "आहे" म्हणाली.