गोधड्यांच्या खोलीतलं रेकॉर्डिंग

आमच्या घरात टू-इन-वन आला तो वडिलांच्या भजनी मंडळामुळे. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी अशी इंदापूरकडे जाते. वाटेवर उभं राहून दिंड्यांच्या चाली कॅसेटवर धरायच्या आणि वर्षभर मंडळात बसवायच्या, हा वडिलांचा बेत. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस मिनिटं. ती भरली की मागच्या कडेचे प्लॅस्टिकचे दोन तुकडे मोडायचे, म्हणजे वर दुसरं काही भरता येत नसे. अर्थात तिथं चिकटपट्टी लावली की भरता येई, हे घरातल्या पोरांना लवकरच कळलं. आमच्याकडचे बरेचसे अभंग असे सिनेमाच्या गाण्यांखाली गेले.

त्या कॅसेटी ऐकताना पखवाजावर मोठी थाप पडली की टाळकऱ्यांचे आवाज एकदम खाली बसत आणि मग सावकाश वर येत. वडील म्हणायचे, दमले असतील चालून. खरी भानगड यंत्रात होती. आवाज वाढला की ते भरण्याची पातळी आपोआप खाली ओढी. हे मला कळलं ते फार पुढं, बँजो पार्टीत कीबोर्ड वाजवायला लागल्यावर. मोबाइलमधला साधा रेकॉर्डरही बहुतेक वेळा हेच करतो. वरातीत काढलेल्या व्हिडिओत ढोल पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो तो त्यामुळं आणि त्या चिमुकल्या माइकला तेवढा दणका सोसत नाही म्हणून. तरी सुपारी ठरवायला येणारा पहिला प्रश्न हाच टाकतो, ‘एखादा व्हिडिओ पाठवा की.’

म्हणून पार्टीनं ठरवलं, नीट रेकॉर्डिंग करायचं. पुण्याच्या स्टुडिओत तासावर पैसे. आठ जणांची पार्टी, ढोल-ताशांसकट गाडीभाडं, जेवण, आणि तिथं गेल्यावर ताशा तापवण्यातच पहिला तास जाणार. वर्गणीतून जमले होते पंधरा हजार. तेव्हा घरीच.

खर्चाचा हिशेब मांडताना एक गोष्ट आपसूक सोपी झाली. आपल्या पार्टीतला बँजो म्हणजे तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवलेलं वाद्य. १९१२ साली जपानात नागोयाला तयार झालेल्या ताइशोगोतोचा हा वंशज. आपल्या मिस्त्रींनी त्याला पिकअप लावून विजेवर आणला. म्हणजे बँजो, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड या तिघांना माइकच लागत नाही, वायर थेट लावायची. उरले ढोल आणि ताशा. त्यांच्यासाठी दोन माइक, दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस आणि एकाचा जुना लॅपटॉप. सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, फुकटचं. चॅनेल दोनच, म्हणून आधी ढोल-ताशा भरायचे आणि त्यावर बाकीचे एकेक चढवायचे. ढोलवाल्याच्या कानात मात्र हेडफोनमधून बँजो चालू ठेवायचा, नाहीतर तो ठेका पळवतो.

खोलीवरून मात्र वाद झाला. पार्टीच्या मास्तरांना सोसायटीचं गोदाम हवं होतं, आवाज घुमतो म्हणून. घुमलेला आवाज नंतर काढता येत नाही, हे त्यांना पटवायला मला चहाचे बरेच कप लागले. शेवटी आमची अंथरुणाची खोली ठरली. भिंतींवर गोधड्या, दारावर वाकळ, कोपऱ्यात कापसाच्या गाद्या उभ्या. यानं ताशाची किरकिर मरते. ढोलाचा घुमारा मरत नाही, त्याला गोधडी पुरत नाही. त्यावर उपाय एकच, ढोल भिंतीपासून लांब, खोलीच्या मध्यापासूनही जरा बाजूला ठेवायचा आणि माइक हातभर मागं घ्यायचा.

महिना निवडला आषाढीनंतरचा. लग्नसराई संपलेली, गणपतीच्या सुपाऱ्या अजून यायच्या, भवानीनगरच्या कारखान्याचं गाळप बंद, त्यामुळं रात्री उसाच्या ट्रॉल्या गाणी वाजवत रस्त्यानं जात नाहीत. खोलीवर पत्रा होता, पण इंदापूर तालुक्यात पावसाचा अडथळा धरायचं फारसं कारण नसतं! विजेनं तेवढं छळलं. घराचं अर्थिंग धड नसल्यानं प्रत्येक तारेत घूं चालू. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर घेतल्यावर ती बरीचशी गेली.

सुरुवातीला यादी बारा गाण्यांची होती. मी तीनवर आणली, एक देवाचं, एक हळदीचं, एक वरातीचं. ऐकणारा माणूस जीपमध्ये किंवा चहाच्या टपरीवर मोबाइल कानाशी धरून ऐकतो आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात ठरवतो. त्यामुळं तयार झालेलं गाणं आम्ही तपासलं तेही मोबाइलवर आणि ट्रॅक्टरच्या टेपवर.

असंच अमेरिकेत गायक ब्रूस स्प्रिंगस्टीननं घरच्या खोलीत चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर गाण्यांचा कच्चा नमुना भरला होता. टॅस्कॅम कंपनीनं तसलं यंत्र १९७९ साली आणलं होतं. पुढं स्प्रिंगस्टीननं बँड घेऊन तीच गाणी वाजवून पाहिली, ती जमेनात, आणि १९८२ साली ‘नेब्रास्का’ म्हणून तो नमुनाच बाजारात आला. मला हे भारी वाटतं, पण आमच्या कामाचं नाही. त्याचा कारभार एकट्याचा होता. आमची जबाबदारी आठ जणांची, आणि रस्त्यावर उभं राहून निभवायची.

शेवटचा वाद म्हणूनच सगळ्यात महत्त्वाचा होता. एकच ढोल चारदा भरून चार ढोल ऐकवायचे, हे संगणकावर पाच मिनिटांचं काम. पोरं हट्टाला पेटली होती. मास्तर नाही म्हणाले आणि मीही त्यांच्याच बाजूनं होतो. नमुन्यात चार ढोल ऐकून सुपारी देणारा यजमान वरातीच्या दिवशी गाडीतून उतरणारे ढोल मोजतो. आमचे दोनच आहेत, रेकॉर्डिंगमध्येही दोनच ठेवले.